रामन वर्णपटावरून नॅनोकणांचे आकारमान: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रामन वर्णपट हाती येतो, शिखर थोडे डावीकडे सरकलेले दिसते आणि प्रबंधात लगेच लिहिले जाते की कणांचे आकारमान अमुक नॅनोमीटर आहे. असे विधान काही वेळा बरोबर ठरते, पण बऱ्याच वेळा त्यामागचा पुरावा अपुरा असतो. नॅनोपदार्थांवर काम करणारे पदव्युत्तर विद्यार्थी आणि नव्याने रामन वापरू लागलेले संशोधक यांच्याकडून नेहमी येणारे प्रश्न येथे घेतले आहेत. उदाहरणासाठी मुख्यतः सिलिकॉन निवडले आहे, कारण त्याचा अभ्यास सर्वाधिक झाला आहे आणि त्याचे आकडे विश्वासार्ह आहेत.

रामन वर्णपटातून कणांचे आकारमान थेट मोजता येते का?

नाही. चंद्रशेखर वेंकट रामन आणि के. एस. कृष्णन यांनी १९२८ साली कोलकात्यात जो परिणाम दाखवून दिला, त्यात पदार्थावर पडलेल्या प्रकाशाचा अगदी थोडा भाग अणूंच्या कंपनांशी ऊर्जेची देवघेव करून वेगळ्या तरंगलांबीने विखुरतो. म्हणजे आपण मोजतो ती कंपनांची ऊर्जा, आणि ती तरंगसंख्येच्या रूपात, प्रति सेंटिमीटर या एककात लिहितो. आकारमान हा त्या कंपनांवर परिणाम करणाऱ्या अनेक घटकांपैकी एक आहे. शिखराची जागा, रुंदी आणि आकृती पाहून आपण आकारमानाचा अंदाज बांधतो, आणि बाकीचे घटक वगळले असतील तेवढाच तो अंदाज भक्कम असतो.

मग आकारमानाचा कंपनांवर परिणाम होतोच कसा?

मोठ्या, सलग स्फटिकात अणूंची कंपने लाटांसारखी दूरवर पसरलेली असतात. या लाटांना फोनॉन म्हणतात. प्रत्येक फोनॉनला स्वतःचा तरंगसदिश असतो, म्हणजे लाटेची दिशा आणि तरंगलांबी सांगणारी राशी; तिच्यावरूनच संवेगाचा हिशेब होतो. विखुरणाच्या वेळी ऊर्जेबरोबर संवेगही जुळावा लागतो. दृश्य प्रकाशाचा तरंगसदिश स्फटिकाच्या ब्रिलुआँ झोनच्या (फोनॉनचे सर्व वेगवेगळे तरंगसदिश ज्यात मावतात त्या क्षेत्राच्या) विस्ताराच्या तुलनेत फार लहान, सिलिकॉनसाठी साधारण शंभरावा हिस्सा असतो. त्यामुळे सलग स्फटिकात झोनच्या अगदी मध्यबिंदूजवळचे फोनॉनच प्रथम-क्रम (एकाच फोनॉनच्या) रामन विखुरणात भाग घेऊ शकतात आणि शिखर अरुंद व दोन्ही बाजूंना सारखे दिसते. शुद्ध सिलिकॉनचे हे शिखर खोलीच्या तापमानाला सुमारे ५२०.५ प्रति सेंमी येथे असते आणि निम्म्या उंचीवरची त्याची नैसर्गिक रुंदी सुमारे ३ प्रति सेंमी असते.

स्फटिकच काही नॅनोमीटरचा झाला, तर फोनॉनची लाट त्या सीमेबाहेर जाऊ शकत नाही. लाट जितकी आखूड जागेत कोंडली जाते, तितका तिचा तरंगसदिश अनिश्चित होतो. परिणामी निवडीचा कडक नियम सैल पडतो आणि मध्यबिंदूपासून दूर असलेले फोनॉनही वर्णपटात आपला वाटा टाकू लागतात. सिलिकॉनच्या ऑप्टिकल शाखेत (शेजारचे अणू एकमेकांविरुद्ध हलतात अशा कंपनांच्या गटात) मध्यापासून दूर जाताना वारंवारता कमी होत जाते, म्हणून नव्याने सामील झालेले हे फोनॉन कमी तरंगसंख्येच्या बाजूला येतात. शिखर खाली सरकते, रुंदावते, आणि त्याला डाव्या बाजूला एक शेपटी फुटते. शिखराचा उजवा उतार मात्र बराचसा तसाच उभा राहतो. हा असमतोल पडद्यावर नीट न्याहाळावा, कारण बंदिस्तीची, म्हणजे फोनॉन कोंडले गेल्याची, खूण म्हणून तो नुसत्या सरकण्यापेक्षा जास्त बोलका असतो.

हे विचार गणितात बसवणारे फोनॉन कन्फाइनमेंट मॉडेल रिश्टर, वँग आणि लाय यांनी १९८१ साली मांडले, आणि कॅम्पबेल व फोशे यांनी १९८६ साली त्याचा विस्तार केला.

लहान कणांचे शिखर नेहमी खालीच सरकते का?

नाही, आणि या समजुतीमुळे बरेच चुकीचे निष्कर्ष निघतात. दिशा ठरते ती त्या विशिष्ट शाखेच्या उतारावरून. ॲनाटेज टायटॅनियम डायऑक्साइडचे १४४ प्रति सेंमीचे सर्वांत तीव्र शिखर कण लहान होताना वर सरकते आणि रुंदावते. हिऱ्याचे १३३२ चे शिखर खाली येते. ज्या शाखेची वारंवारता तरंगसदिशाबरोबर फारशी बदलत नाही, तिच्या शिखराची जागा कण लहान झाला तरी जवळजवळ हलत नाही. आपल्या पदार्थाचा डिस्पर्शन आलेख (तरंगसदिशाबरोबर वारंवारता कशी बदलते तो आलेख) पाहिल्याशिवाय सरकण्याचा अर्थ लावू नये.

किती सरकले म्हणजे किती नॅनोमीटर?

गोल सिलिकॉन कणांसाठी बंध-ध्रुवणीयतेच्या मॉडेलवरून मिळालेले एक सोपे सूत्र बरेच वापरले जाते. स्फटिकाचा जालकस्थिरांक (०.५४३ नॅनोमीटर) कणाच्या व्यासाने भागायचा, त्या भागाकाराचा १.४४ वा घात घ्यायचा आणि त्याला ४७.४१ ने गुणायचे. जे उत्तर येते, तितके प्रति सेंमी शिखर खाली सरकते. या सूत्राने ३ नॅनोमीटरच्या कणासाठी सुमारे ४.०, ५ नॅनोमीटरसाठी १.९, १० नॅनोमीटरसाठी ०.७ आणि २० नॅनोमीटरसाठी जेमतेम ०.२६ प्रति सेंमी इतके सरकणे मिळते.

हे आकडे शांतपणे वाचावेत. व्यास १० वरून २० नॅनोमीटर झाला, तरी शिखराच्या जागेत अर्ध्या प्रति सेंमीहूनही कमी फरक पडतो. नेहमीच्या सूक्ष्म-रामन उपकरणात डिटेक्टरच्या शेजारच्या दोन बिंदूंमधले अंतरच बहुधा याच्या आसपास किंवा याहून मोठे असते. वक्र बसवून शिखराची जागा त्याहून बारकाईने काढता येते, पण त्यासाठी उपकरणाचे अंशांकन त्याच दिवशी, त्याच जाळीवर (प्रकाशाचे घटक वेगळे करणाऱ्या ग्रेटिंगवर) आणि त्याच भिंगाखाली झालेले असावे लागते.

या पद्धतीची व्याप्ती कुठपासून कुठपर्यंत आहे?

सिलिकॉनसाठी साधारण २ ते १० नॅनोमीटर. त्याहून मोठ्या कणांत सरकणे इतर चुकांमध्ये हरवून जाते. त्याहून लहान कणांत सलग स्फटिकाचा डिस्पर्शन आलेख वापरण्याला आधारच उरत नाही, कारण बरेचसे अणू पृष्ठभागावर असतात आणि त्यांचे बंध वेगळे असतात. पन्नास किंवा ऐंशी नॅनोमीटरच्या कणांचे आकारमान शिखराच्या सरकण्यावरून काढल्याचा दावा वाचण्यात आला, तर तो बाजूला ठेवणेच योग्य.

लेसरच्या उष्णतेमुळे शिखर सरकते, याचा इतका बाऊ का केला जातो?

कारण बंदिस्ती आणि उष्णता यांचा परिणाम एकाच दिशेला आणि एकाच प्रमाणात होतो. सिलिकॉनचे शिखर दर अंश सेल्सिअस तापमानवाढीला सुमारे ०.०२ प्रति सेंमी खाली येते. वरच्या सूत्राशी ताडून पाहिले, तर नमुना सुमारे ९५ अंशांनी तापला की शिखर ५ नॅनोमीटरच्या कणाइतके सरकते. १० नॅनोमीटरच्या कणाचा भास निर्माण करायला ३५ अंश पुरतात. शिवाय तापल्यावर शिखर रुंदही होते.

इतके तापमान सहज गाठले जाते. १० मिलिवॅटचा लेसर सूक्ष्मदर्शकाच्या भिंगाने एका मायक्रोमीटरच्या ठिपक्यात आणला, तर तेथे दर चौरस सेंटिमीटरला दहा लाख वॅटहून अधिक शक्ती एकवटते. अखंड वेफरमध्ये (सिलिकॉनच्या चकतीत) ही उष्णता लगेच आजूबाजूला वाहून जाते. सैल नॅनोभुकटीत मात्र कणाकणांमध्ये हवा असते, संपर्काचे बिंदू थोडे असतात, आणि उष्णता ठिपक्यातच अडकून राहते. म्हणूनच वेफरवर निर्धोक ठरलेली शक्ती भुकटीवर वापरणे धोक्याचे असते. झिंक ऑक्साइडच्या सुमारे २० नॅनोमीटरच्या क्वांटम डॉट्सवर (अर्धवाहकाच्या नॅनोकणांवर) अतिनील लेसरने केलेल्या आणि २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात शिखर १४ प्रति सेंमीपर्यंत सरकलेले आढळले, आणि त्याचे कारण बंदिस्ती नसून स्थानिक तापणे हे असल्याचे दाखवण्यात आले.

यावरची तपासणी साधी आहे आणि ती टाळण्याला कोणतेही सबळ कारण नाही. फिल्टर बदलून लेसरची शक्ती पायरीपायरीने कमी करावी, मोजणीचा वेळ त्या प्रमाणात वाढवावा, आणि प्रत्येक शक्तीला शिखराची जागा व रुंदी नोंदवून आलेख काढावा. शक्ती कमी करताना शिखर वर चढत राहिले, तर आपण अजून तापमानच मोजत आहोत. सर्वांत कमी दोन-तीन शक्तींना शिखर एकाच जागी स्थिर राहिले, तर ती जागा ग्राह्य धरावी. नॅनोभुकटीसाठी ही मर्यादा पुष्कळदा एक मिलिवॅटच्याही खाली असते. स्टोक्स (प्रकाशाने ऊर्जा गमावलेल्या) आणि अँटी-स्टोक्स (ऊर्जा मिळवलेल्या) शिखरांच्या तीव्रतेच्या गुणोत्तरावरून तापमानाचा स्वतंत्र अंदाज घेता आला, तर फारच उत्तम.

शेवटी शक्ती पुन्हा वाढवून आणि पुन्हा कमी करून पाहावे. शिखर मूळ जागी परतले नाही, तर नमुनाच बदललेला असतो. मॅग्नेटाइटच्या नॅनोकणांत हे डोळ्यांदेखत घडते. ६७० प्रति सेंमीजवळचे रुंद शिखर मावळू लागते, २२५ आणि २९० च्या आसपास हेमटाइटची शिखरे उभी राहतात, आणि सूक्ष्मदर्शकातून पाहिले की काळ्या भुकटीत लाल कडा असलेला डाग पडलेला दिसतो. अशा वर्णपटावरून मूळ कणांविषयी काहीही बोलता येत नाही.

उष्णतेखेरीज आणखी कोणत्या गोष्टी शिखर सरकवतात?

पहिली गोष्ट म्हणजे यांत्रिक ताण. सिलिकॉनमध्ये एका दिशेच्या एक गिगापास्कल ताणाने शिखर सुमारे २ प्रति सेंमी हलते. ओढणाऱ्या ताणाने ते खाली येते आणि दाबणाऱ्या ताणाने वर जाते. ऑक्साइडच्या थरात रुतलेल्या किंवा चेंडूगिरणीत दळलेल्या कणांमध्ये असा ताण हमखास असतो, आणि दाबणारा ताण बंदिस्तीचे सरकणे पूर्ण झाकूनही टाकू शकतो.

दुसरी गोष्ट रासायनिक रचनेची. सिरियम ऑक्साइडचे ४६४ प्रति सेंमीचे शिखर कण लहान होताना खाली सरकते, पण त्याच वेळी ऑक्सिजनच्या रिक्त जागा वाढतात आणि जालक प्रसरण पावते. त्या सरकण्यात जालकाच्या प्रसरणाचा वाटा मोठा असल्यामुळे ते सगळेच बंदिस्तीच्या खात्यावर टाकणे चूक आहे. ॲनाटेजच्या १४४ च्या शिखराबाबतही ऑक्सिजनची कमतरता कण लहान झाल्यासारखाच परिणाम दाखवते.

सिलिकॉनमध्ये आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. अस्फटिकी सिलिकॉनचा रुंद उंचवटा ४८० प्रति सेंमीजवळ येतो आणि तो वेगळा काढला नाही, तर बंदिस्तीची शेपटी म्हणून मोजला जातो. भारी डोपिंग (मुद्दाम मिसळलेली अशुद्धी) असेल, तर फानो परिणामामुळेही (मुक्त प्रभारवाहकांशी फोनॉनची सांगड बसल्यामुळेही) शिखर असमतोल होते.

मॉडेलचा वक्र बसवताना काय काळजी घ्यावी?

फोनॉन कन्फाइनमेंट मॉडेलमध्ये कणाच्या सीमेवर लाट किती क्षीण होते, हे सांगणारे एक भारफलन आधीच निवडावे लागते. गॉसियन फलन सर्वाधिक वापरले जाते, पण ती निवड मुख्यतः प्रयोगाशी जुळते म्हणून केलेली आहे. पहिल्या तत्त्वांतून ती आपोआप निघत नाही. कॅम्पबेल आणि फोशे यांनी निरनिराळी फलने ताडून पाहिली, तेव्हा एकाच आकारमानाला त्यांचे वर्णपट वेगवेगळे आले. म्हणून कोणते फलन, कोणता डिस्पर्शन आणि कोणती नैसर्गिक रुंदी धरली, हे सांगितल्याशिवाय निघालेल्या आकड्याला अर्थ नाही. उपकरणामुळे येणारी रुंदी सिलिकॉन वेफर किंवा निऑनच्या दिव्याच्या रेषांवरून मोजून हिशेबात धरावी. आकारमानाबरोबर रुंदीही मोकळी सोडून वक्र बसवला, तर तो जवळजवळ कोणत्याही आकारमानाला सुंदर बसतो. असा सुंदर बसलेला वक्र पाहून हुरळून जाऊ नये.

नमुन्यात लहानमोठे कण मिसळलेले असतील तर?

बहुतेक नमुन्यांत ते तसेच असतात. एका मायक्रोमीटरच्या ठिपक्यात ५ नॅनोमीटरचे लाखो कण मावतात आणि वर्णपट त्या सर्वांचा मिळून येतो. अनुनाद नसताना प्रत्येक कणाचे योगदान साधारण त्याच्या घनफळाच्या प्रमाणात असते, त्यामुळे थोडेसे मोठे कणही वर्णपटावर हुकूमत गाजवतात. १० नॅनोमीटरचा एक कण ५ नॅनोमीटरच्या आठ कणांच्या तोडीचा ठरतो. उलट, लेसरची ऊर्जा विशिष्ट आकारमानाच्या क्वांटम डॉट्सच्या इलेक्ट्रॉनिक संक्रमणाशी जुळली, तर नेमके तेवढेच डॉट उजळून निघतात आणि बाकीचे गप्प राहतात. दोन वेगळ्या रंगांच्या लेसरनी मोजून पाहणे, हा यावरचा सर्वांत सोपा उपाय आहे.

सोन्या-चांदीच्या नॅनोकणांना ही पद्धत लावता येईल का?

नेहमीच्या स्वरूपात नाही. सोने, चांदी आणि तांबे यांच्या मूलभूत एकक पेशीत एकच अणू असतो. त्यामुळे त्यांत ऑप्टिकल फोनॉनच नसतात आणि प्रथम-क्रम रामन शिखर मिळत नाही. अशा कणांच्या वर्णपटात २०० ते १७०० प्रति सेंमीदरम्यान दिसणारी शिखरे बहुधा पृष्ठभागाला चिकटलेल्या सायट्रेटसारख्या रेणूंची असतात, आणि धातूच्या कणांमुळे त्यांची तीव्रता वाढलेली असते. ती तीव्रता कणाच्या आकारमानाबरोबर बदलते खरी, पण कणांमधले अंतर आणि त्यांची रचना यांबरोबर ती त्याहून कितीतरी जास्त बदलते. तिच्यावरून आकारमान काढू नये.

धातूंसाठी वेगळा मार्ग आहे, तो कमी वारंवारतेच्या रामनचा. संपूर्ण कण एखाद्या लवचीक गोळ्यासारखा कंप पावतो, आणि लहान घंटेचा नाद जसा मोठ्या घंटेपेक्षा उंच पट्टीत असतो, तशी लहान कणाची वारंवारता जास्त असते. अशा गोळ्याचे गणित होरेस लँब यांनी १८८२ साली केले होते. १९८६ साली दुव्हाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काचेत वाढवलेल्या स्पिनेलच्या नॅनोस्फटिकांत ही कंपने रामनमध्ये दाखवली. येथे शिखराची जागा सरळ व्यासाच्या व्यस्त प्रमाणात असते. ५ नॅनोमीटरच्या चांदीच्या कणासाठी ती सुमारे ९ प्रति सेंमी आणि १० नॅनोमीटरसाठी सुमारे ५ प्रति सेंमी येते. आकारमानाशी इतका थेट संबंध रामनमध्ये फार थोड्या ठिकाणी सापडतो. अडचण उपकरणाची आहे. साध्या यंत्रातला गाळणी-फिल्टर लेसरच्या रेषेबरोबर साधारण ५० ते १०० प्रति सेंमीपर्यंतचा सगळाच भाग कापून टाकतो. त्यामुळे तिहेरी मोनोक्रोमेटर किंवा खास अरुंद नॉच फिल्टर लागतात. यंत्रावर वेळ आरक्षित करण्याआधी ही एक गोष्ट अवश्य विचारून घ्यावी.

कार्बनच्या डी आणि जी शिखरांच्या गुणोत्तरावरून जे निघते, ते कणाचे आकारमान का?

ते ग्राफाइटच्या पातळीतल्या सुव्यवस्थित तुकड्याचे आकारमान असते. कण त्याच्या कितीतरी पट मोठा असू शकतो. १३५० जवळचे डी शिखर दोषांमुळे किंवा कडांमुळे येते आणि १५८० जवळचे जी शिखर व्यवस्थित जालकाचे असते. त्यांच्या गुणोत्तराचा तुकड्याच्या आकारमानाशी असलेला व्यस्त संबंध टुइन्स्ट्रा आणि केनिग यांनी १९७० साली दाखवला. तो स्थिरांक जसाच्या तसा कोणत्याही लेसरला लावण्याची चूक आजही होते. प्रत्यक्षात हे गुणोत्तर लेसरच्या तरंगलांबीच्या चौथ्या घाताबरोबर बदलते, असे कान्सादो आणि सहकाऱ्यांनी २००६ साली मांडले. त्यांच्या सूत्राप्रमाणे शिखरांच्या क्षेत्रफळांचे गुणोत्तर १ आले, तर ५१४.५ नॅनोमीटरच्या लेसरला तुकडा सुमारे १७ नॅनोमीटरचा ठरतो आणि ६३२.८ च्या लेसरला सुमारे ३८ नॅनोमीटरचा.

दुसरी मर्यादा याहून गंभीर आहे. तुकडा साधारण २ नॅनोमीटरच्या खाली गेला, की नियम उलटतो आणि तुकडा लहान होताना डी शिखर क्षीण होऊ लागते. फेरारी आणि रॉबर्टसन यांनी २००० साली हे स्पष्ट केले. म्हणजे एकच गुणोत्तर दोन अगदी वेगळ्या पदार्थांचे असू शकते. त्यातला आपला कोणता, हे जी शिखराची जागा आणि रुंदी पाहून ठरवावे लागते.

कार्बन नळ्या आणि पातळ थर यांचे काय?

येथे रामन फार चांगले काम करते. एकेरी भिंतीच्या कार्बन नळीच्या त्रिज्यीय श्वसन-कंपनाची तरंगसंख्या व्यासाच्या व्यस्त प्रमाणात असते. सिलिकॉन डायऑक्साइडवर ठेवलेल्या सुट्या नळ्यांसाठी २४८ ला व्यासाने भागावे, म्हणजे १ नॅनोमीटरच्या नळीचे शिखर २४८ प्रति सेंमीला येते. वापरलेल्या लेसरशी अनुनाद साधणाऱ्या नळ्याच दिसतात, एवढे ध्यानात ठेवावे. मॉलिब्डेनम डायसल्फाइडच्या दोन मुख्य शिखरांमधले अंतर एका थराला सुमारे १८ ते १९ आणि जाड स्फटिकात सुमारे २५ प्रति सेंमी असते. दोन शिखरांमधल्या अंतरावर अंशांकनाच्या चुकीचा परिणाम फारसा होत नाही, म्हणून चारपर्यंतचे थर मोजायला ही खूण विश्वासाची आहे.

एक्सआरडी (क्ष-किरण विवर्तन), टीईएम (पारेषण इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक) आणि रामन यांचे आकडे जुळत नाहीत. कोणाचे खरे मानावे?

बहुतेक वेळा तिन्ही खरे असतात, कारण ते वेगवेगळ्या गोष्टी मोजतात. क्ष-किरण विवर्तनात शेररच्या सूत्राने निघते ती सलग स्फटिकी भागाची घनफळ-भारित लांबी. टीईएममध्ये कणाची बाह्यरेषा दिसते आणि मोजलेल्या काही शे कणांची सरासरी मिळते. द्रवातल्या गतिक प्रकाश-विखुरण मापनात कण, त्याचे आवरण आणि त्याच्याबरोबर वाहणारा द्रवाचा थर हे सगळे एकत्र मोजले जाते. रामनमध्ये फोनॉन ज्या अंतरापर्यंत निर्वेध पसरू शकतो ते अंतर कळते, आणि कणाच्या आत दोष किंवा जुळे स्फटिक असतील, तर ते अंतर कणापेक्षा लहान निघते. टीईएममध्ये २० आणि रामनमध्ये ६ नॅनोमीटर आले, तर कणाच्या आत काय आहे, असा प्रश्न विचारावा. नॅनोपदार्थाविषयी खरोखर नवे असे काही बहुधा या तफावतीतच दडलेले असते.

आकारमानाचा आकडा प्रबंधात कसा नोंदवावा?

लेसरची तरंगलांबी, नमुन्यावर प्रत्यक्ष पोहोचलेली शक्ती, भिंग, जाळी आणि अंशांकनासाठी वापरलेले शिखर या गोष्टी आकड्याच्या शेजारीच द्याव्यात. यंत्राच्या पडद्यावर दिसणारी शक्ती लेसरच्या तोंडाशी असते. नमुन्यापर्यंत येताना ती बरीच घटते, म्हणून ती भिंगाखाली शक्तिमापक धरून मोजावी. शक्ती बदलून घेतलेला आलेख परिशिष्टात जोडावा. त्याच पदार्थाच्या मोठ्या, सलग स्फटिकाचा वर्णपट त्याच बैठकीत घेऊन सोबत छापावा, कारण ग्रंथातून उचललेल्या शिखराच्या जागेशी आपल्या यंत्रावरचे शिखर ताडणे म्हणजे दोन वेगळ्या मोजपट्ट्यांनी एक लांबी मोजणे होय. दशांश स्थळे आवरती घ्यावीत. शिखराच्या जागेत अर्धा प्रति सेंमी अनिश्चितता असेल, तर सिलिकॉनच्या बाबतीत "५.३७ नॅनोमीटर" असे न लिहिता "सुमारे ४ ते ७ नॅनोमीटर" असे लिहावे.